उसवण आणि शिवण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात व विद्यार्थी-गुणगौरव समारंभात गोरेगाव येथे केलेले भाषण)



गुणगौरवाच्या दिवशी भाषण करावयाचे म्हणजे एक संकटच असते. मुलांचे डोळे बक्षिसांच्या टेबलाकडे लागलेले आणि वडीलधाऱ्या मंडळींचे लक्ष पंक्तीकडे. त्यातून चिटणिसांनी आम्हांस विषय दिला तो 'दैनंदिन अनुभवांतून शिक्षण' असा. आम्ही स्वतः मॅट्रिक. त्यावर शिक्षक होण्यापुरते दोन वर्षांचे प्रशिक्षण, एवढीच आमची विद्या. आज येथे ज्यांचा सत्कार व्हावयाचा आहे त्यांत अभियंते आहेत, सनदी लेखापाल आहेत, एक मुलगी वैद्यकशास्त्राची पदवीधर आहे. त्यांना पुस्तकी विद्येविषयी आम्ही काय सांगणार? परंतु शिवलेले पुन्हा उसवावे लागणे, हा प्रकार आमच्या वाट्यास पुष्कळ वेळा आला. तेवढ्यापुरता बोलण्याचा अधिकार आपण आम्हांस द्यावा.

समोर नामदेवमहाराजांची तसबीर आहे. आपण शिंप्यांनी त्यांना आपले म्हणावे हे स्वाभाविकच. जयंतीला व पुण्यतिथीला आपण त्यांच्या भक्तीचे, कीर्तनाचे, देवाने त्यांच्या हातचा नैवेद्य खाल्ल्याचे वर्णन करतो. मात्र त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग आपल्या मेळाव्यांत क्वचितच सांगितला जातो, आणि तो का सांगितला जात नाही हेही उघड आहे. त्यात आपल्या महाराजांची फजिती झालेली आहे.

परंपरा असे सांगते की, तेरढोकीस गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. गोरोबा जातीने कुंभार. मडके भाजून पक्के झाले की नाही हे थापटण्याने ठोकून पाहावे, हा त्यांचा नित्याचा उद्योग. त्या दिवशी त्यांनी तेच थापटणे घेऊन एकेका संताच्या मस्तकावर मारण्यास आरंभ केला. सारे स्वस्थ बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र ते रागावले, आणि गोरोबांनी निर्णय दिला की हे मडके कच्चे आहे. ज्याच्याशी प्रत्यक्ष पंढरीचा देव बोलत होता, त्याला भर सभेत एका कुंभाराने कच्चे ठरविले! नामदेव तडक पंढरपुरास गेले आणि देवापुढे गाऱ्हाणे मांडले. देवाने तरी भक्ताची बाजू घ्यावी की नाही? तर देव म्हणाला, ते बोलले ते खरे आहे. मग विसोबा खेचरांकडे जाणे झाले. औंढ्या नागनाथाच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेला म्हातारा पाहून नामदेव पुन्हा एकदा संतापले, ती कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे.

या कथेत आम्हांस थापटण्याहून पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. थापटणे कोणाच्याही डोक्यात बसते. महाराज रागावून निघाले, तक्रार घेऊन गेले, तक्रार फेटाळली गेली, आणि त्यानंतर ते घरी जाऊन बसले नाहीत. पुढे हेच नामदेव पंजाबपर्यंत गेले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान गावी त्यांचे स्थान आहे, आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमान गावी भरले होते. आणखीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याने कच्चे म्हटले तो शिंपी नव्हता. आपल्या ज्ञातीतील कोणी वडीलधारा बोलला असता तर ते घरातले बोलणे झाले असते. येथे बोलणारा परज्ञातीचा, परधंद्याचा, आणि वापरलेले हत्यारही परधंद्याचे.

आता संतांवरून एकदम आमच्यासारख्या क्षुद्र माणसाकडे येतो, त्याबद्दल क्षमा असावी.

आमच्या वडिलांचे गोरेगाव स्टेशनाच्या पश्चिमेस लहानसे शिवणकामाचे दुकान होते. दोन यंत्रे, एक बेतण्याचे टेबल, कोळशाची इस्त्री आणि भिंतीवर हीच तसबीर. १९७५ च्या मे महिन्यात, सुट्टीत, वडिलांनी प्रथमच आमच्या हाती कात्री दिली. आम्ही तेव्हा पंधरा वर्षांचे. काज-बटण आणि तुरपाई यांत दोन वर्षे घालविल्यावर आपल्याला बेतणे जमलेच, असा आमचा ग्रह झालेला. आरे कॉलनीतील गोठ्यात काम करणारा एक उत्तर भारतीय गृहस्थ विजारीसाठी टेरिकॉटचा तुकडा घेऊन आला होता. गावी भावाचे लग्न होते. कापड मोजकेच होते, पन्हाही बेताचा. आम्ही खडूने रेघा मारल्या, मापे बरोबर घेतली, आणि रेघेवर कात्री चालविली. अगदी रेघेवर!

सभागृहात जी जुनी कारागीर मंडळी आहेत त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसते आहे, म्हणजे त्यांना कळले. आम्ही माया ठेवलीच नव्हती. शिवणीसाठी कडेने जे कापड जास्त सोडावयाचे, ज्याला आपल्या धंद्यात माया म्हणतात, ते सोडावयाचे आम्ही विसरलो. विजार शिवून झाली असती तर ती त्या गृहस्थाच्या कमरेला दोन इंच कमी पडली असती.

वडिलांनी कापड पाहिले. आम्ही शिवीगाळीची वाट पाहत होतो. ते एवढेच म्हणाले, "गिऱ्हाईक रविवारी येईल. काय झाले ते तूच सांग." पुढील चार दिवस आम्हांस अन्न गोड लागले नाही, हे खरोखर सांगतो.

रविवारी तो गृहस्थ आला. आम्ही सांगितले. तो ओरडला नाही. कापड हातात घेऊन त्याने उलटसुलट पाहिले आणि विचारले, "अब क्या हो सकता है?" वडिलांनी नवे कापड आणून देऊ केले, परंतु त्याची गाडी दुसऱ्याच दिवशी सकाळची होती, आणि दुकाने बंद झालेली. त्या रात्री वडिलांनी उरल्यासुरल्या चिंध्यांतून एक त्रिकोणी जोड काढला, तो मागच्या शिवणीत बसविला, आणि दोनदा उसवून तिसऱ्यांदा शिवला. सदऱ्याखाली तो दिसणार नाही असा. उसवण्याचे काम आमच्याकडे होते. धागा कापावयाचा, कापड नाही. घाई केली की सुई ओढली जाते आणि वीण विसकटते. बेतणे आम्ही पुढे आयुष्यात फारसे केले नाही, पण उसवणे त्या रात्री शिकलो. पहाटे तो विजार घेऊन गेला. वडिलांनी शिलाई घेतली नाही.

गावाहून परतल्यावर तो गृहस्थ आम्हांस रस्त्यात दोन-चार वेळा दिसला, नमस्कारही झाला. आमच्या दुकानाची पायरी मात्र तो पुन्हा चढला नाही. वडील म्हणत, भांडून जाणारे गिऱ्हाईक परत येते. न बोलता जाते त्याचा हिशेब आपल्या वहीत राहतो.

पुढे आम्ही शिक्षक झालो. शिक्षकाच्या हातून होणाऱ्या चुका शिंप्याच्या चुकांहून अधिक असतात आणि त्या सदऱ्याखाली झाकता येतात, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाहीत. त्यांतील एकच सांगतो.

१९८६ साली आम्ही चौथीच्या वर्गाची चाचणी घेतली. प्रश्न होता, 'मुंबईला पाणी कोठून मिळते?' पाठ्यपुस्तकी उत्तर आपणां सर्वांस ठाऊक आहे : तानसा, वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. एका मुलाने लिहिले, 'मागच्या गल्लीतल्या नळातून, पहाटे चार वाजता, ताई उठवते तेव्हा.' आम्ही लाल रेघ मारली आणि शून्य दिले. रात्री जेवताना घरी ही गंमत सांगितली. वडील हसले, आम्हीही हसलो. आई हसली नाही. ती म्हणाली, "त्याचे काय चुकले?" आणि ताट उचलून आत गेली.

आईच्या त्या प्रश्नाला मागचा इतिहास होता. आज येथे बसलेल्या तरुणांना हे ठाऊक नसेल की ज्या आरेच्या टेकड्यांपलीकडे १८६० साली विहार तलाव पुरा झाला, त्याच टेकड्यांच्या अलीकडे, या गोरेगावात, माणसे हंडाभर पाण्याला महाग होती. गोरेगाव १९५७ साली बृहन्मुंबईत आले. गावाचे उपनगर झाले, वस्ती वाढली, पाणी मात्र वाढले नाही. आमच्या आईने आयुष्याची कित्येक वर्षे पहाटेच्या रांगेत काढली. आमचा अभ्यास चुलीजवळच्या उजेडात होत असताना ती रांगेत असे, आणि आम्हांस वाटे की पाणी घरात असतेच.

त्या रांगेतच आईची आणि मृणालताई गोरे यांची ओळख झाली. ओळख म्हणजे नमस्कारापुरती. परंतु आई ती आयुष्यभर सांगत असे. मृणालताई माहेरच्या मोहिले. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या व समाजवादी चळवळीच्या कामात पडल्या. १९४८ साली केशव गोरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि गोरेगाव ही दोघांची कर्मभूमी झाली. केशवराव १९५८ साली गेले. पदरी लहान मुलगी होती. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे. १९६१ साली त्या महापालिकेवर निवडून आल्या आणि पाण्याचा प्रश्न त्यांनी असा धरला की लोकांनी त्यांचे नावच 'पाणीवाली बाई' ठेवले. १९७२ साली महागाईच्या विरोधात अहिल्याताई रांगणेकर आदींसह त्यांनी बायकांची संयुक्त समिती उभी केली. लाटणी आणि थाळ्या घेऊन बायका रस्त्यावर आल्या. आमची आई, जी कधी एकटी चर्नी रोडपर्यंत गेली नव्हती, ती त्या मोर्चाला गेली. परत आली ती आमचे पोळपाटावरचे लाटणे कोठेतरी गर्दीत हरवून! वडील दोन दिवस त्यावरून चेष्टा करीत होते. आणीबाणीत मृणालताई तुरुंगात गेल्या, १९७७ साली लोकसभेवर निवडून आल्या. पुढे नागरी निवारा परिषदेच्या रूपाने दिंडोशीस सामान्य माणसांची हजारो घरे उभी राहिली. २०१२ साली त्या गेल्या. आज गोरेगावच्या पुलाला त्यांचे नाव आहे, आणि त्या पुलावरून मोटारीने जाताना पाण्याची आठवण होण्याचे कोणास कारण राहिलेले नाही.

त्यांचे राजकारण सर्वांस पटले असे आम्ही म्हणत नाही. आमच्या वडिलांनी त्यांना प्रत्येक वेळी मत दिले असेही नाही. आम्हांस येथे एवढेच सांगावयाचे आहे की, डॉक्टर व्हावयास निघालेल्या त्या बाईंनी रांगेत उभ्या असलेल्या बायकांचे ऐकले. अनधिकृत झोपडीला नळ द्यावयाचा नाही, हा नियम कागदावर अगदी सरळ दिसे. रांगेत उभे राहिल्यावर तो तसा दिसत नसे. २०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने पाण्याचा हक्क घराच्या अधिकृतपणाशी बांधता येणार नाही असे म्हटले. त्या गोष्टीला तोपर्यंत पन्नासाहून अधिक वर्षे गोरेगावच्या बायका साक्ष होत्या. आम्ही शून्य दिलेला मुलगाही.

त्या मुलाचे गुण आम्ही दुसऱ्या दिवशी दुरुस्त केले. त्याला पाचांपैकी तीन दिले. दोन का कापले, हे आता सांगता येत नाही.

आता मंडळाच्या घरातील गोष्ट सांगतो. ती सांगू नये असे काही हितचिंतकांनी सुचविले होते. परंतु दोष आमचाही आहे, म्हणून सांगण्याचा अधिकारही आमचा आहे.

२०२३ च्या जुलै महिन्यात मंडळाच्या शिष्यवृत्ती-समितीची बैठक झाली. आम्ही पाच सभासद. वीस-बावीस अर्ज होते. त्यांत एका मुलीचा अर्ज होता; बारावीला उत्तम गुण, परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेला. आई आपल्या ज्ञातीची, लग्न परज्ञातीत झालेले, वडील हयात नाहीत. अर्ज बाजूला ठेवण्यात आला. कोणी वाईट शब्द बोलले नाही, हेही नमूद करावयास हवे. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की निधी तुटपुंजा आहे. देणगीदारांनी तो ज्ञातीच्या मुलांसाठी दिला आहे. एक दार उघडले की किती जण येतील याचा भरवसा नाही. या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. निधी खरोखरच तुटपुंजा आहे, आणि तो ज्यांनी जमविला त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जमविला. आम्ही मान हलविली. अर्जावर 'नियमात बसत नाही' असा शेरा लिहिला गेला आणि खाली पाच सह्या झाल्या. तिसरी सही आमची.

आठ दिवसांनी ती मुलगी आमच्या घरी आली. पत्ता कोणी दिला कोण जाणे. रडली नाही, भांडली नाही. पाणी दिले ते प्यायली. मग म्हणाली, "गुरुजी, कोणत्या नियमात बसत नाही, तेवढे मला लिहून द्याल का? मला दुसऱ्या ठिकाणी अर्ज करावयाचा आहे, तेथे विचारतात."

आम्ही म्हणालो, पाहून सांगतो. ती गेल्यावर कपाटातून मंडळाची नियमावली काढली. शिष्यवृत्तीच्या कलमात 'ज्ञातीतील होतकरू व गरजू विद्यार्थी' इतकेच शब्द आहेत. वडील ज्ञातीचे असावेत असे कोठेही म्हटलेले नाही. तो नियम नव्हताच. ती नुसती वहिवाट होती, आणि वहिवाटीला आम्ही नियम म्हटले. जी गोष्ट लिहून देता येत नाही तीवर आम्ही सही केली होती. छत्तीस वर्षे मुलांना 'उत्तराचे कारण लिहा' असे बजावणाऱ्या माणसाने!

आणखी एक गोष्ट आम्हांस नंतर कळली. त्या मुलीची आई घरी ब्लाऊज शिवून आणि साड्यांना फॉल-बिडिंग करून संसार चालविते. आम्हा पाच सभासदांपैकी एकाच्याही घरी आता शिवणाचे यंत्र नाही. आमच्या वडिलांचे यंत्र आम्ही २००९ साली भंगारात घातले, कारण जागा अडत होती.

आम्ही तिला पत्र लिहिले. त्यात नियमाचा उल्लेख केला नाही, कारण करावयास नियमच नव्हता. समितीच्या हातून चूक झाली असे लिहिले आणि पुढील बैठकीत अर्ज पुन्हा ठेवू असे आश्वासन दिले. उत्तर आले नाही. चौकशी केली तेव्हा कळले की दुसऱ्या एका संस्थेने तिची व्यवस्था केली आणि तिचा अभ्यासक्रम सुरू झाला. ती आमच्याकडे पुन्हा आली नाही. वडिलांचे वहीसंबंधीचे बोलणे त्या वेळी आम्हांस आठवले.

केशवराव आणि मृणालताई यांच्याही ज्ञाती वेगवेगळ्या होत्या. त्यांच्या कन्येने जर आईच्या ज्ञातीच्या मंडळाकडे अर्ज केला असता, तर आमच्यासारख्या पाच जणांनी काय शेरा मारला असता, हा विचार आम्हांस अलीकडे पुलावरून जाताना येतो. आणि नामदेवमहाराजांचे आपण नाव घेतो ते कोणते नामदेव? मंगळवेढ्यास १३३८ साली गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणणारे नामदेवच होते, असे परंपरा सांगते. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे आणि तेथेच नामदेवांची पायरी. अस्थी कोणाच्या हे त्यांनी कोणत्या नोंदवहीत पाहिले नव्हते.

आज दुपारी सर्वसाधारण सभा आहे. कार्यक्रमपत्रिकेवर सातव्या क्रमांकास नियमावलीतील दुरुस्तीचा विषय आहे. शिष्यवृत्तीच्या कलमात 'ज्याची आई अथवा वडील ज्ञातीतील आहेत असा' एवढे शब्द घालावेत, अशी ती दुरुस्ती आहे. तसेच समितीने अर्ज नाकारल्यास त्याचे कारण अर्जदारास लेखी कळवावे, असे एक उपकलम आहे. निधीवर भार पडेल, ही शंका योग्य आहे. म्हणून आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून दरवर्षी पाच हजार रुपये देण्याचे लेखी कबूल केले आहे, आणि ते कोणत्याही विशिष्ट अर्जदारासाठी नाहीत. ज्येष्ठ मंडळींना आमचे म्हणणे पटणार नाही, तर त्यांनी ते सभेत स्पष्ट बोलून दाखवावे. आम्ही रागावणार नाही असे वचन देत नाही. नामदेवमहाराजही रागावले होते. पण उठून जाणार नाही.

ज्या मुलांचा आज गौरव होत आहे त्यांना मात्र एक विनंती. आपली बक्षिसे घेऊन, फोटो काढून, जेवून आपण निघून जाल, तसे आज करू नका. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या सभासदांना सभेत मत आहे. आमच्या पिढीने कोठे माया ठेवली नाही ते तुम्हांस अधिक चांगले दिसेल, कारण ते कपडे आता तुमच्या अंगावर आहेत.

ठरावाच्या कागदावर सूचक म्हणून आमची सही आहे. अनुमोदकाची जागा सध्या कोरी आहे. कागद आमच्या पिशवीत आहे आणि जेवणाच्या वेळी आम्ही दाराजवळच्या बाकावर बसणार आहोत.